भालेरावांच्या फळीवरची नावं

अंबरनाथ पूर्व, उल्हासनगर कॅम्प पाच, पालेगाव आणि बदलापूर गाव येथील तमाम सन्माननीय नागरिकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आपणांपैकी ज्यांची नावे मैत्री प्रिंटिंग प्रेसच्या फळीवर शिशाच्या अक्षरखिळ्यांत जुळवून उभी होती, ती सर्व मोडण्यात आलेली आहेत. आपण हे वाचत असाल, तर आपण हयात आहात असे समजण्यास हरकत नाही. नाव मोडले आणि माणूस राहिला, ही गोष्ट प्रेसच्या नियमात बसत नव्हती, याची मालकांना पूर्ण कल्पना होती.

हे जाहीर निवेदन खरं तर किसन भालेरावांनी काढायचं. त्यांनी काढलं नाही, कारण ते छापायला त्यांच्याकडे खिळेच उरले नव्हते. म्हणून इतक्या वर्षांनी ते मी काढतो आहे, आणि तेही संगणकावर. भालेरावांना हे कळलं असतं तर त्यांनी काही बोलून दाखवलं नसतं. फक्त चष्मा कपाळावर चढवून, "हं. दिसतंय बरं," एवढंच म्हटलं असतं, आणि त्या 'बरं'नं माझी आठवडाभराची झोप उडाली असती.

मैत्री प्रिंटिंग प्रेस कॅम्प पाचमध्ये होती. एका बाजूला पापड सुकायचे, दुसऱ्या बाजूला जीन्सच्या पँटी धुऊन टांगलेल्या असायच्या, आणि मधल्या एवढ्याशा गाळ्यात एक पायानं चालवायचं छपाई यंत्र, खिळ्यांच्या पेट्या, आणि भालेराव. शिवाय वत्सलाबाई. भालेराव अक्षरं जुळवायचे, वत्सलाबाई यंत्र चालवायच्या. पायाखालचा पट्टा दाबत, एका हातानं कोरा कागद आत आणि दुसऱ्या हातानं छापील कागद बाहेर, आणि हे सगळं करताना तोंड मोकळं. भालेरावांचं बोलणं मोजकं होतं, त्याचं कारण मला पहिल्याच भेटीत कळलं. घरातला बोलण्याचा सगळा कोटा यंत्राकडे गेलेला होता.

मी गेलो होतो स्वतःच्या नावाचं लेटरहेड करून घ्यायला. त्या काळी आमच्या भागात लेटरहेड असायचं ते डॉक्टरला, वकिलाला, नाहीतर पडलेल्या उमेदवाराला. मला नुकतीच कल्याणला कारकुनाची नोकरी लागली होती, आणि मुली पाहायला जायचे दिवस होते. होकाराचं किंवा नकाराचं पत्र साध्या कागदावर पाठवायचं म्हणजे मला फारच कमीपणाचं वाटत होतं. नकार मुलीकडूनच येत होते, हा भाग वेगळा.

"पूर्ण नाव?" भालेरावांनी विचारलं.

"डी. आर. सावंत."

"हे पूर्ण नाही. ही दोन अक्षरं आणि दोन टिंबं झाली. घरी आई काय म्हणते?"

"दिल्या."

"आईला माफ आहे. बाकी कुणाला नाही. बोला."

"दिलीप रामचंद्र सावंत."

त्यांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी माझ्यापुढे धरली. श्री. दिलीपराव रामचंद्रराव सावंत.

"अहो, मी राव कसला? मला अजून मिशी धड फुटली नाही."

"मिशी छापायची नाहीये."

"आणि वडील साधे फिटर आहेत कारखान्यात."

"म्हणजे यंत्रं त्यांचं ऐकतात. मग राव नाही तर काय?"

मी खाली बी.कॉम. लिहायला सांगितलं. त्याच्याखाली हुद्दा. भालेरावांनी दोन्ही पुसलं. म्हणाले, "नावाला शेपूट लावून माणूस लांब होत नाही, दिलीपराव."

यंत्रामागून वत्सलाबाईंचा आवाज आला, "घ्या हो राव लावून. नाहीतर ते छापायचे नाहीत. माझ्या माहेरच्या कुत्र्याला मोतीराव म्हणतात. तो आता कुणी नुसतं मोती म्हटलं तर बघत नाही."

भालेराव सगळ्यांना अहो-जाहो करत. शाळकरी पोरांना, हमालांना, रस्त्यात आडव्या बसलेल्या गायीला सुद्धा. "बाई, जरा सरता का," म्हणत. त्यांच्या स्वतःच्या आडनावातच राव असल्यामुळे स्वतःसाठी त्यांना वेगळी सोय करावी लागली नव्हती.

कागद छापून झाले. माझं नाव असलेले ते शिशाचे ठोकळे, एकेका अक्षराचा एकेक खिळा, भालेरावांनी रॉकेलनं पुसले, दोऱ्यानं करकचून बांधले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि भिंतीवरच्या लांबलचक फळीवर नेऊन ठेवले. तिथं अशा पुड्यांची रांगच्या रांग होती.

आता प्रेसवाले नेहमीच्या गिऱ्हाइकाचा मजकूर असा बांधून ठेवतात, परत छापायला सोपं पडावं म्हणून. हे मला ठाऊक होतं. पण मी परत कधी येणार होतो? मी म्हटलं, "सोडवून टाका की. तुमचे खिळे अडकून पडतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आहात ना?"

"आहे की."

"मग नाव उभं राहील."

बस्स. हा मैत्री प्रिंटिंग प्रेसचा नियम होता. एकदा जुळवलेलं नाव माणूस जिवंत असेपर्यंत मोडायचं नाही. माणूस गेला की मग पुडी काढायची, दोरा सोडायचा, नाव एकदा मोठ्यानं उच्चारायचं, आणि एकेक खिळा पेटीत आपापल्या खणात परत ठेवायचा. जगातल्या कुठल्याही छापखान्यात हा नियम नसेल, कारण हा नियम पाळून छापखाना चालत नाही.

वत्सलाबाई यावरून त्यांना सोडत नसत. "विहारात उभं राहून लोकांना सांगतात, बाबांनो, अंधश्रद्धा सोडा. आणि इथं आले की फळीपुढं चपला काढतात."

"चपलेची धूळ उडते. खिळ्यांत बसते."

"आणि नाव मोठ्यानं घेता ते?"

"कुठला खिळा कुठल्या खणात चाललाय, लक्षात राहतं."

"आणि त्या दिवशी चहा घेत नाही ते?"

"हात शाईचे असतात."

"हात रोजच शाईचे असतात!"

यावर भालेराव खिळे वेचायला लागत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला शास्त्रशुद्ध कारण होतं, आणि एकही खरं नव्हतं.

खरं कारण मला वत्सलाबाईंनी सांगितलं, ते गाळ्यात नसताना. भालेराव मूळचे देशावरचे. त्यांच्या वडिलांना गावानं जन्मात कधी पूर्ण नावानं हाक मारली नाही. नावाची मोडतोड करून, शेवटी एक हेल काढून, वेशीतून ओरडायचं, आणि त्यांनी धावत जायचं. नव्यानं धम्म घेतल्यावर सुद्धा गावाची जीभ वळली नाही. भालेराव तरुणपणी मुंबईच्या एका छापखान्यात लागले. अक्षरं जुळवायला शिकले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या मनानं जे जुळवलं ते वडिलांचं नाव होतं. पुढे श्री., मागे राव. सुट्टीवर जाताना त्या नावाचे चार कागद छापून न्यायचे असं ठरवलं होतं. तर फोरमनला एका जाहिरातीसाठी खिळे कमी पडले, आणि त्यानं ते नाव मोडलं.

"बाप तिकडं चांगला जिवंत," वत्सलाबाई म्हणाल्या, "आणि इकडं नाव मोडलं. दुसऱ्यांदा जुळवायच्या आत तो खरंच गेला. आता यात काय संबंध? काही नाही. मला ठावं, त्यांनाही ठावं. पण सांगणार कोण?"

पालेगावचे गोमा म्हात्रे मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला आले तेव्हा मी गाळ्यात होतो. म्हणजे मी तिथं असायचोच. मुली नकार देत होत्या, वेळ होता.

"पूर्ण नाव?"

"गोम्या."

"पूर्ण."

"मना सगली गोम्याच म्हनतान. माजी बायको पन."

"वडिलांचं?"

"धर्मा."

भालेरावांनी पाटी पुढे धरली. श्री. गोमाराव धर्माराव म्हात्रे. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. भालेरावांनी वाचून दाखवलं. म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं, की आणखी कोण आत आलं.

पत्रिका झाल्या. जाताना भालेरावांनी उरलेल्या चांगल्या कागदावर गोमारावांचं लेटरहेड छापून हातात ठेवलं. म्हातारा म्हणाला, "मी कोनाला लिवनार? मना लिवता येत नाय."

"मग नका लिहू."

"मंग याचं करू काय?"

"ठेवा. तुमचं आहे."

पुढं मी एकदा पालेगावला कामानिमित्त गेलो, तर गोमारावांच्या ओटीवर तो कोरा कागद काचेच्या चौकटीत लावलेला. वर नाव, खाली सगळी पांढरी जागा. त्याला ताजा हार घातलेला होता. म्हाताऱ्यानं मला तो इतक्या अभिमानानं दाखवला, की मीही थोडा वेळ खालची पांढरी जागा वाचल्यासारखं केलं.

दोनेक पावसाळ्यांनंतर त्यांचा मुलगा बापाच्या दिवसकार्याची पत्रं छापायला आला. भालेरावांनी यंत्र थांबवायची खूण केली. फळीवरून पुडी काढली. दोरा सोडला. "श्री. गोमाराव धर्माराव म्हात्रे," असं म्हणाले, जणू दारातून कुणाला आत बोलावत होते, आणि खिळे एकेक करून खणांत ठेवायला लागले. मुलगा उभाच राहिला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. पण त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्या दिवशी भालेरावांनी चहा घेतला नाही. हात शाईचे होते.

आणि ज्या माणसानं अगदी नाव मोडण्यात सुद्धा घाई केली नाही, त्यानंच एकदा जिवंत माणसाचं नाव मोडलं, ही कॅम्प पाचमधली गाजलेली गोष्ट आहे.

टेकचंद हे सिंधी कापडवाले प्रेससमोरच्याच गल्लीत होते. भालेरावांनी त्यांचं 'श्री. टेकचंदराव' केल्यापासून अख्खा बाजार त्यांना रावसाहेब म्हणून चिडवी, आणि ते खूश असत. एका सकाळी त्यांच्या दुकानाचं शटर खाली, बाहेर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, आतून रडण्याचा आवाज. भालेराव चपला घालून गेले, गर्दीच्या कडेला हात जोडून उभे राहिले, परत आले, आणि त्यांनी पुडी काढली. वत्सलाबाई म्हणाल्या, "अहो, विचारा तरी कोण गेलं."

"शटर टेकचंदरावांचं आहे."

"शटर गेलं का?"

पण भालेराव मोठ्यानं नाव घेऊन बसले होते.

तीन-चार दिवसांनी साक्षात टेकचंदराव गाळ्यात दाखल झाले. गेली होती ती त्यांची सासू, आणि त्यांना पत्रव्यवहारासाठी आणखी कागद हवे होते. भालेरावांच्या हातातून चिमटा पडला.

"साईं, क्या हुआ? ऐसे क्यों देख रहे हो?"

भालेरावांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगून टाकलं. टेकचंदराव आधी हसले. मग हसता हसता थांबले. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. "अभी लगाओ. मेरे सामने. जब तक मेरा नाम खड़ा नहीं होता, मैं यहाँ से उठूँगा नहीं."

"अहो, दुकान?"

"दुकान गया भाड़ में. रस्ता क्रॉस करते कुछ हो गया तो?"

भालेरावांनी नाव जुळवायला घेतलं. तेवढ्या वेळात टेकचंदरावांनी पाणी घेतलं नाही, पंखा बंद करायला लावला, आणि यंत्राला हात लावू नका म्हणून वत्सलाबाईंना हात जोडले. नाव बांधून फळीवर गेलं तेव्हा ते उठले, आणि त्यांनी फळीला, पुडीला आणि चुकून मलाही नमस्कार केला. त्यानंतर साधा ताप आला तरी त्यांचा माणूस गाळ्यात यायचा. "सेठ ने बोला है, अभी हैं."

वत्सलाबाई म्हणायच्या, "मला वाटलं यांचं वेड लागायचं नाही कुणाला. तर हे घ्या."

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि आम्ही पुष्कळ हसलो. पण खिळे काही हसत नव्हते. फळी भरत चालली तसे पेटीतले खण रिकामे होत चालले. आणि ज्या माणसानं गावभर राव वाटले, त्याचा र, त्याचा काना आणि त्याचा व सगळ्यांत आधी संपणार, हे उघडच होतं. लग्नाच्या पत्रिकेला आलेल्या गिऱ्हाइकाशी भालेराव घासाघीस करायचे, आणि ती पैशांची नसायची.

"सहकुटुंब सहपरिवार, यातलं एक घ्या."

"दोन्ही असतात हो."

"कुटुंब आलं की परिवार येतोच. र शिल्लक नाहीत."

"आणि मामांची नावं?"

"किती मामा आहेत?"

"सहा."

"दोन मामा छापू. बाकीच्यांना तुम्ही समक्ष बोलवा. त्यांना बरं वाटेल."

"मग त्या दोघांचे राव तरी काढा. दोन मामा आणखी बसतील."

"राव निघणार नाहीत."

गिऱ्हाइकं हसत यायची आणि हळूहळू यायचीच बंद झाली. तोवर कॅम्पात संगणक आले होते. काचेच्या दारामागं थंड हवेत बसून पोरं पडद्यावर पत्रिका करायची. सहाचे बारा मामा झाले तरी त्यांचं काही अडत नव्हतं. ज्या फाउंड्रीतून खिळे यायचे ती बंद पडली, म्हणजे नवीन घ्यायचे म्हटलं तरी सोय उरली नाही. गाळ्यात दुपारी यंत्राचा आवाज येईनासा झाला. वत्सलाबाई यंत्रापाशी बसून तांदूळ निवडायच्या.

अशात बदलापूर गावातल्या एका पतपेढीचे सेक्रेटरी गोडांबे एक दिवस आले. भालेरावांशी जुना लोभ. म्हणाले, "वार्षिक अहवाल तुमच्याकडे द्यायचाय. सभासदांच्या यादीसकट. वेळेवर झालं तर दर वर्षी तुमच्याकडेच. मी आहे तोवर कुठं हलत नाही. फक्त सर्वसाधारण सभेच्या आधी हवा, तेवढं बघा."

दर वर्षीचं काम. म्हणजे प्रेस टिकली. वत्सलाबाईंनी गोडांब्यांना दोनदा चहा दिला. आणि काम कसलं, तर नावांचं! पानंच्या पानं नुसती नावं. भालेरावांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता.

पण खिळे फळीवर होते.

वत्सलाबाईंनी सरळ हिशेब मांडला. "महिनाभर फळीवरची नावं मोडा. काम करा. मग बसून परत जुळवा. मी पण जुळवते तुमच्यासोबत."

"जिवंत माणसं आहेत."

"मग जिवंतच राहतील की!"

भालेराव पेटीकडे वळले. तेव्हा या बाईंनी पदर खोचला आणि घरोघरी गेल्या. ज्यांचं नाव आहे त्यांनीच मोडायला सांगितलं तर हे काय बोलणार, असा त्यांचा बेत. लोक मोठे मनमिळाऊ. कुणी म्हणालं, "असू द्या ना वहिनी, कशाला मोडता, छान वाटतं आपलं नाव कुठंतरी आहे म्हणून." कुणी म्हणालं, "आमच्या आईला विचारून सांगतो." टेकचंदराव तर दुकानाच्या पायरीवरून दोन हात पसरून उभे राहिले. "भाभी, पूरे कॅम्प का तोड़ो. मेरा मत तोड़ो."

मी एकटा म्हटलं, "माझं मोडा." एव्हाना माझं लग्न झालं होतं, लेटरहेड माळ्यावर गेलं होतं, आणि माझा जीव काही त्या पुडीत नव्हता. वत्सलाबाई मला हाताला धरून गाळ्यात घेऊन आल्या.

"हे बघा. हे स्वतः सांगतायत. मोडा."

भालेरावांनी चष्मा कपाळावर घेतला. "नाव तुमचं असेल, दिलीपराव. जुळणी माझी आहे."

"पण माझी हरकत नाही."

"तुमच्या हरकतीचा प्रश्न नाही."

तेव्हा वत्सलाबाई जे बोलल्या ते मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, कारण त्यात थट्टा नव्हती. "जिवंत माणसाचं नाव मोडवत नाही तुम्हाला. आणि जिवंत बायकोची चूल विझली तर चालतंय?"

भालेरावांनी फळीपुढं चपला काढल्या. मग त्यांनी माझी पुडी खाली घेतली. कागद काढला. दोऱ्याची गाठ नखानं सैल केली. मला वाटलं, सुटला एकदाचा माणूस. त्यांनी तोंड उघडलं, माझं नाव घ्यायला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी समोर उभा. चांगला जाडजूड, कपाळावर घाम, हातात छत्री.

त्यांनी गाठ परत आवळली.

वत्सलाबाई यंत्रापाशी जाऊन बसल्या.

मग भालेरावांनी ते काम उरलेल्या खिळ्यांत करायला घेतलं. जेमतेम एक पान जुळवायचं, छापायचं, मोडायचं, पुढचं पान जुळवायचं. एवढ्यावर सुद्धा कदाचित झालं असतं. पण पहिलं पान बघायला आलेले गोडांबे कपाळाला हात लावून बसले. प्रत्येक सभासदाला श्री. होता आणि प्रत्येकाला राव होता.

"भालेराव, यादी आहे हो ही! नुसतं नाव टाका. आडनाव आधी, मग एक एक अक्षर. जागा किती जाते!"

"नुसतं नाव तुम्ही बोलताना घ्या. छापताना राव लागेल."

"सभासदांनी मागितलाय का राव?"

"मागून मिळतो तो राव नव्हे."

गोडांबे भला माणूस. हसला आणि गेला. मग आठ दिवसांनी आला तेव्हा हसला नाही. सभा तोंडावर आली तेव्हा भालेरावांची यादी 'म'पर्यंत पोचली होती. वत्सलाबाईंचे पाय सुजले होते. गोडांब्यांनी छापलेली पानं हातात घेतली, उलटीसुलटी केली, म्हणाले, "सुंदर आहेत हो." आणि हस्तलिखित उचलून ते काचेच्या दाराकडे गेले. दोन दिवसांत अहवाल तयार.

त्याची एक प्रत त्यांनी लाजत लाजत आणून दिली. भालेरावांनी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली. मग मिटून ठेवली.

"एकालाही श्री. नाही," ते म्हणाले.

"पण वेळेत आली," वत्सलाबाई म्हणाल्या.

मी हे सांगताना नेहमी टेकचंदरावांच्या गोष्टीवर थांबतो. लोक पोट धरून हसतात आणि आपण छान सांगतो असं मलाही वाटतं. पुढचं सांगायचं टाळतो. कारण पुढच्यात माणूस बरोबर कोण होता ते मला अजून ठरवता येत नाही, आणि माझ्यासारख्या गप्पिष्टाला न ठरलेली गोष्ट रंगवता येत नाही. नुसती हळहळ लागून राहते. एक गाठ सुटली असती तर. किंवा निदान राव तरी गाळले असते तर. पण राव गाळणारे भालेराव मला आवडले असते का, हेही कळत नाही.

यंत्र विकायचं ठरलं तेव्हा ते घ्यायला छापखानेवाला मिळाला नाही, भंगारवाला मिळाला. खिळेही तोच नेणार होता, वितळवायला. तो टेम्पो घेऊन यायच्या दोन दिवस आधी भालेरावांनी फळीवरच्या पुड्या खाली घेतल्या. वत्सलाबाईंचा मला निरोप आला, की येऊन बसा, ते जेवत नाहीयेत.

मी गेलो. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते. वितळायला जायची झाली तरी नावं उभी जाणार नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं. पुडी घ्यायची, दोरा सोडायचा, नाव घ्यायचं, एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात. त्यातली निम्मी माणसं त्या वेळी बाहेर रस्त्यावर भाजी घेत होती. वत्सलाबाई शेजारी बसून सुटलेले दोरे गुंडाळत होत्या.

"श्री. दिलीपराव रामचंद्रराव सावंत."

"हजर," माझ्या तोंडून निघून गेलं. सवयीनं, विनोद म्हणून. कुणी हसलं नाही. मीही नाही.

भंगारवाला आला तेव्हा थोड्या पुड्या उरल्याच होत्या. तो गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिला. "काका, हे वेगवेगळं कशाला करताय? सगळं एकाच गोणीत जाणार. वजन तेवढंच भरतं."

"तुम्ही बसा दोन मिनिटं, साहेबराव," भालेराव म्हणाले. त्या माणसाचं नाव साहेबराव नव्हतं. पण तो बसला.

शेवटचा खिळा खणात गेला. मग हमालांनी पेट्या उचलल्या आणि गोणीच्या तोंडाशी उलट्या केल्या. भालेराव त्या वेळी मागच्या नळावर हात धूत होते. रॉकेल लावून, मग साबण लावून, मग नखांत काडी घालून, मग परत साबण. शाई निघायची नव्हती. ते आमच्याकडे पाठ करून धूत राहिले, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते अजून तसेच आहेत, पाठमोरे, नळाला पाणी गेलेलं, आणि हात धुणं चालू.

बाहेर हमालानं पहिली गोणी डोक्यावरून टेम्पोत आपटली. गोणी उसवली, आणि थोडे खिळे फळकुटावरून रस्त्यावर सांडले. दारात उभ्या असलेल्या वत्सलाबाई, ज्यांनी त्या फळीची जन्मभर थट्टा केली होती, चप्पल न घालताच पायरी उतरून धावल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ए, आपटतोस काय! हळू टाक, माणसं आहेत त्यात!"